दुधाशिवायचे ऊबदार, पोटभर जेवण: हिवाळी भाज्या, कूट आणि भाकरी

आपण लिहिले आहे की घरातील दोघांनी दूध, दही, तूप, लोणी आणि पनीर सोडल्याला काही महिने झाले. मंडईत सध्या उत्तम भाज्या आहेत आणि रोज दोन-दोन भाज्या होतातही, परंतु जेवून उठल्यावर तासाभरात पुन्हा काहीतरी खावेसे वाटते. काजूची क्रीम, टोफू आणि डब्यातले नारळाचे दूध वापरून पाहिले, त्याने खर्च वाढला आणि सासूबाईंनी दोन घास खाऊन ताट बाजूला सारले, असेही आपण लिहिले आहे, आणि लोण्याच्या जागी काय घ्यावे, असे विचारले आहे. जेवणावळींसाठी आणि रोजच्या डब्यांसाठी बरीच वर्षे स्वयंपाक करीत आल्यामुळे मला वाटते की आपली अडचण भाज्यांची नाही. दूध काढल्यावर रिकामी झालेली जागा दुधासारख्याच दिसणाऱ्या वस्तूने भरण्याचा जो प्रयत्न चालला आहे, तो सोडावा. ज्या पदार्थांत दूध कधी नव्हतेच असे पदार्थ आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि थंडीच्या दिवसांत तर त्यांची रेलचेल असते. ते नीट, मन लावून आणि तेलाचा हात न आखडता करावेत.

दही किंवा लोणी जेवणात नेमके काय काम करीत होते, हे आधी पाहू. ते स्निग्धता देत होते, रसाला दाटपणा देत होते आणि दही-ताकाच्या बाबतीत आंबटपणाही देत होते. ही तिन्ही कामे एकाच पदार्थाकडून करून घेण्याचा हट्ट धरला की मनुष्य काजूच्या क्रीमकडे वळतो. ती निरनिराळ्या जिन्नसांकडे सोपवली की स्वयंपाक सोपा होतो आणि स्वस्तही पडतो. स्निग्धतेसाठी शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे आणि घाण्याचे तेल आहे. दाटपणासाठी डाळ, बेसन आणि तेच कूट आहे. आंबटपणासाठी चिंच, आमसूल, आंबट चुका, अंबाडी आणि या दिवसांत बोरेही आहेत. शेंगदाण्यात आणि तिळात जवळजवळ निम्मा भाग स्निग्धतेचा असतो, शेंगदाण्यात सुमारे पाव भाग प्रथिने असतात, आणि सुक्या खोबऱ्यातील स्निग्धता साठ टक्क्यांच्या वर जाते. गाईच्या दुधाच्या 100 ग्रॅम दह्यात जेवढी स्निग्धता असते, साधारण तेवढी एका मोठ्या चमचाभर कुटात मिळते. त्यामुळे दही सुटले म्हणून जेवण हलके पडण्याचे कारण नाही. कूट घालायचे राहिले तर मात्र ते पडतेच.

दुसरे असे की फ्लॉवर, कोबी आणि गाजर यांची परतलेली भाजी कितीही चविष्ट झाली तरी तिच्यावर पोट चार तास थांबत नाही. ताटात शेंगवर्गातले काहीतरी हवेच, आणि हिवाळा हा तर ओल्या दाण्यांचा हंगाम आहे. पावटा, ओल्या तुरीचे दाणे, सोलाणे म्हणजे ओला हरभरा, मटार आणि ओल्या भुईमुगाच्या शेंगा ही सगळी मंडळी डिसेंबर-जानेवारीत एकाच वेळी बाजारात असतात. माझा सल्ला असा की आठवड्याची भाजी आणताना प्रथम दाणे घ्यावेत, मग पालेभाज्या, आणि फ्लॉवर-कोबीचा विचार पिशवीत जागा उरली तर करावा.

या सगळ्याचा उत्तम नमुना म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी होणारी भोगीची भाजी. आपण ती वर्षातून एकदा नैवेद्यापुरती करीत असाल, तर या वर्षी ती हंगामभर आठवड्यातून एकदा करून पाहावी. तिच्याबरोबरचा लोण्याचा गोळा वगळला की भाजी मुळातच पूर्ण व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीही नसलेली, आहे. चार माणसांसाठी पाव किलो लहान काटेरी वांगी, दोन गाजरे, एक बटाटा, मूठभर घेवड्याच्या शेंगा, एक वाटी पावट्याचे दाणे, अर्धी-अर्धी वाटी सोलाणे, ओल्या तुरीचे दाणे आणि ओले शेंगदाणे, सहा-आठ बोरे आणि सोललेल्या उसाचे दोन-दोन इंचांचे चार-पाच करवे घ्यावेत. मसाल्यासाठी तीन मोठे चमचे तीळ, तेवढेच शेंगदाण्याचे कूट, पाव वाटी किसलेले सुके खोबरे, दोन लहान चमचे गोडा मसाला, आपल्या बेताने लाल तिखट, सुपारीएवढी चिंच आणि तेवढाच किंवा थोडा अधिक गूळ. तेल मात्र चार मोठे चमचे. येथे दीड चमच्यात भागवून पुढे भाजी कोरडी आणि बेचव झाल्याची तक्रार करू नये.

संक्रांतीच्या सुमारास बाजारात या भाज्यांची एकत्र चिरलेली पाकिटे मिळतात. सोललेले दाणे तयार घेण्यास माझी हरकत नाही, कारण पावटा आणि तूर सोलण्यात सकाळ जाते. परंतु चिरलेली वांगी घेऊ नयेत. ती काळी पडलेली असतात आणि त्यांचा तुरटपणा सगळ्या रश्शात उतरतो. वांगी फोडणी झाल्यावरच चिरावीत आणि लागेपर्यंत मिठाच्या पाण्यात ठेवावीत.

आता क्रम. सगळ्या भाज्या एकदम फोडणीत टाकणे हे या भाजीच्या बिघाडाचे पहिले कारण असते. जाड बुडाच्या पातेल्यात तेल चांगले तापवून मोहरी, जिरे, हिंग आणि हळद यांची फोडणी करावी. तिच्यात प्रथम शेंगदाणे, पावटा, तूर आणि सोलाणे घालून दोन मिनिटे परतावे, अर्धी वाटी गरम पाणी घालावे, वर खोलगट झाकण ठेवावे आणि त्या झाकणात पाणी ओतावे. झाकणावरच्या या पाण्यामुळे झाकण गार राहते, आतली वाफ त्याला लागून पुन्हा भाजीवर पडते, आणि वरचे पाणी तापले की भाजीला पाणी कमी पडल्यास तेच गरम पाणी आत ओतता येते. आठ-दहा मिनिटांनी पावट्याचा दाणा बोटांत धरून दाबून पाहावा. तो दबला, पण फुटला नाही, की गाजर, बटाटा, घेवडा आणि उसाचे करवे घालावेत. आणखी पाच-सहा मिनिटांनी वांगी घालावीत, आणि त्याबरोबरच मीठ, तिखट व गोडा मसाला.

चिंचेचा कोळ मात्र सगळे शिजल्याशिवाय घालू नये. आंबटाने भाज्यांचा आणि दाण्यांचा मऊ होण्याचा वेग एकदम मंदावतो. पावटा अर्धा कच्चा असताना चिंच पडली की पुढे तासभर उकळले तरी तो दाताखाली करकरतो. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातही हेच होते, म्हणून ज्यांच्याकडे तसे पाणी आहे त्यांनी दाण्यांसाठी क्षार कमी असलेले पिण्याचे पाणी वापरावे. बोरे शेवटच्या पाच मिनिटांत घालावीत, नाहीतर ती फुटून साली रश्शात तरंगतात.

मसाल्याचे तीन जिन्नस वेगवेगळे भाजावेत. तीळ मंद आचेवर ठेवावेत. ते तडतडून एक-दोन उड्या मारू लागले की लगेच ताटलीत काढावेत, कारण तापलेल्या कढईत ते राहिले तर गॅस बंद केल्यावरही जळतात आणि कडवट होतात. खोबरे तांबूस होईपर्यंत भाजावे. शेंगदाणे मंद आचेवर, सालीवर डाग पडेपर्यंत भाजून, पूर्ण गार झाल्यावर साले पाखडून काढावीत. गरम तीळ किंवा गरम दाणे मिक्सरमध्ये फिरवले की तेल सुटून भांड्याला चिकटणारा लगदा होतो, म्हणून गार झाल्यावर, आणि तेही थांबून-थांबून फिरवावे. अर्धे कूट अगदी बारीक करून वांग्यांबरोबरच रश्शात घालावे. ते उकळताना दाटपणा देते आणि वर तवंग आणते. उरलेले जाडसर ठेवून उतरवण्यापूर्वी दोन मिनिटे घालावे, त्याने घासाला चावायला काहीतरी मिळते. कूट पडल्यावर आच मंद ठेवून मधूनमधून तळापासून ढवळावे, कारण ते फार लवकर बुडाला लागते. भाजी सरसरीत असतानाच उतरवावी. ताटात येईपर्यंत ती आणखी आळते, आणि भाकरी मोडून खायची असेल तर रस अंगासरसा हवाच.

भाकरी बाजरीची, तीळ लावलेली. बाजरीच्या पिठात स्निग्धता बरीच असल्यामुळे ते लवकर खवट होते आणि कडू भाकरीचे खापर मग नाहक बाजरीवर फुटते. एका वेळी आठवड्यापुरतेच दळून आणावे. पिठाला चिकटपणा देणारे गव्हातले द्रव्य बाजरीत नसते, त्यामुळे ते कडकडीत गरम पाण्याने भिजवून, एकेका भाकरीपुरता गोळा तळहाताच्या टाचेने चांगला मळून लगेच थापावा. पूर्ण परात एकदम भिजवून ठेवल्यास शेवटच्या भाकऱ्या कडेने चिरतात. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा आणि ते पाणी सुकत आले, पण पूर्ण सुकले नाही, तेव्हा उलटावी.

लोण्याच्या जागी काय, हा आपला खरा प्रश्न होता. मी लसणाच्या चार पाकळ्या, मीठ, थोडे तिखट आणि पाऊण वाटी भाजलेले शेंगदाणे खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटते आणि वरून चमचाभर कच्चे घाण्याचे तेल घालते. गरम भाकरीचा वरचा पापुद्रा उचलून आत ही चटणी सारली की ती उष्णतेने सैल होते आणि भाकरीत मुरते. मराठवाड्यात करडईचे कच्चे तेल भाकरीवर, पिठल्यावर, चटणीवर घेण्याची जुनी सवय आहे. ते मिळाल्यास अवश्य वापरावे, मात्र घाण्याचे असावे, कारण शुद्धीकरण केलेल्या तेलाला स्वतःचा वास उरलेला नसतो आणि येथे तर वासासाठीच तेल घ्यायचे आहे.

ज्या दिवशी एवढे चिरण्या-सोलण्याला वेळ नसेल त्या दिवशी चकोल्या कराव्यात, ज्यांना विदर्भ-मराठवाड्यात वरणफळे म्हणतात. एका भांड्यात डाळ, धान्य आणि भाजी तिन्ही असतात, आणि थंडीत रात्रीच्या जेवणाला याहून सोयीचे काही मला माहीत नाही. पाऊण वाटी तुरीची डाळ मऊ शिजवून घोटावी आणि पाच-सहा वाट्या गरम पाणी घालून पातळ करावी. फोडणीत लसूण, कढीपत्ता आणि सुकी मिरची. मग एक जुडी मेथी चिरून आणि वाटीभर मटार घालून परतावेत, त्यावर डाळ ओतावी, गोडा मसाला, आमसुले आणि गूळ घालून खळखळून उकळी आणावी. कणकेत दोन चमचे बेसन, ओवा, हळद, तिखट, मीठ आणि चमचाभर तेल घालून ती घट्ट मळावी, पोळी पातळ लाटावी आणि शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापावेत. तुकडे उकळत्या आमटीत एकेक करून सोडावेत. आमटी खळखळत नसेल किंवा मूठभर तुकडे एकदम पडले, तर त्यांचा गठ्ठा होतो. पोळपाटावर पीठ जास्त भुरभुरवले तर तेही आमटीत उतरून तिची खळ होते. दहा-बारा मिनिटांत तुकडे शिजतात. पूर्वी वर तूप घेत होतो; आता कढल्यात दोन चमचे तेल तापवून त्यात ठेचलेला लसूण बदामी करावा आणि प्रत्येकाच्या वाटीत वाढतानाच वरून ओतावा. आधी पातेल्यात ओतून ठेवलेल्या फोडणीत हा खमंगपणा राहत नाही. सासूबाईंसमोर पहिल्यांदा ठेवायचा पदार्थ निवडायचा झाला तर मी हाच निवडेन, कारण तो त्यांना परका वाटण्याचा प्रश्नच येत नाही.

खिचडीवरही खानदेशात लसणाची तेलाची फोडणी ओतून घेतात, आणि विदर्भातील गोळाभाताचा तर आधारच तेल आहे: भिजवून भरड वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे मसाला घातलेले गोळे अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवून वाफवायचे, ते भातात कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी घ्यायची. सोबत चिंचेचे सार असले की दह्याची आठवण होत नाही.

दह्याची आठवण खरी होते ती पालेभाज्यांत. ताकातला पालक, ताकातला चाकवत या थंडीतल्या आवडत्या भाज्या, आणि ताक काढल्यावर त्यांचे काय करावे हे अनेकांना सुचत नाही. चाकवताच्या एका मोठ्या जुडीला अर्धी जुडी आंबट चुका घ्यावा. चुका शिजला की आपोआप विरघळतो आणि ताकाचा आंबटपणा भरून काढतो. दोन चमचे भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे आधी वेगळे शिजवून घ्यावेत, कारण चुक्याबरोबर ते मऊ व्हायला फार वेळ घेतात. फोडणीतच दीड चमचा बेसन टाकून त्याचा कच्चा वास जाईपर्यंत परतावे, मग घोटलेली भाजी थोडी-थोडी घालत ढवळावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. शेवटी कूट आणि चिमूटभर गूळ. ही भाजी ताकातल्या भाजीची नक्कल नाही आणि तशी ती वाढूही नये. अळूच्या फतफत्याच्या कुळातली ती स्वतंत्र भाजी आहे. अंबाडी मिळाली तर तिचीही अशीच, परंतु तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून करतात; अंबाडी फारच आंबट असल्यामुळे ती आधी उकडून पाणी पिळून टाकावे लागते.

भरताविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण शहरात ते बहुधा दही घालून किंवा टोमॅटोत शिजवून करतात आणि दोन्ही रीतींत वांग्याची चव मागे पडते. जळगावकडे भरतासाठी मोठी, हिरवी-पांढरट वांगी येतात, ज्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ती वाळलेल्या कापसाच्या काड्यांवर भाजतात आणि साल काढून बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचतात. घरी गॅसच्या ज्वाळेवर भाजायची झाल्यास वांग्याला तेलाचा हात लावून, सुरीने दोन-तीन चिरा देऊन, देठाजवळचा भाग मऊ होईपर्यंत भाजावे. देठाकडे कच्चे राहिलेले वांगे ठेचताना गोळ्यागोळ्यांनी हाताला लागते. भाजल्यावर दहा मिनिटे झाकून ठेवावे, साल सुटते. मिरच्या आणि लसूणही भाजून वांग्याबरोबर ठेचावेत. मग भरपूर तेलात शेंगदाणे तळून घ्यावेत, त्यातच कांद्याची पात जेमतेम परतावी, आणि ठेचलेले वांगे व कोथिंबीर घालून एक वाफ आणावी. पात शिजून मऊ पडू देऊ नये. एका मोठ्या वांग्याला तीन चमचे तेल मला कमीच वाटते. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, असली की ताटात डाळही आली.

नारळाच्या दुधाला मी पूर्णपणे नाही म्हणत नाही. कोकण-गोव्याच्या पद्धतीत ओल्या नारळाचे वाटण जेथे मुळातच आहे तेथे ते शोभते. गोव्याचे खतखते, ज्यात तुरीची डाळ, कंद, भोपळा, शेंगा आणि इतर भाज्या नारळाच्या वाटणात शिजतात आणि तिरफळांचा वास दरवळतो, हे तर व्हीगन जेवणातले राजेशाही पक्वान्न आहे. परंतु डब्यातले नारळाचे दूध घाटावरच्या गोड्या मसाल्यात ओतले की दोन्ही बिघडतात. जेथे वापराल तेथे ताजे काढलेले घट्ट दूध अगदी शेवटी घालून फक्त गरम करावे, उकळू नये, नाहीतर ते फुटते.

पथ्याच्या दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. ब12 हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही. ते तीळ, कूट किंवा कितीही चांगल्या भाजीने भरून निघत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून त्याची पूरक मात्रा सुरू करावी, आणि हे पुढे ढकलू नये. कॅल्शियमसाठी तीळ न सोललेले, कवचासहित वापरावेत आणि नाचणीची भाकरी किंवा आंबील आठवड्यातून काही वेळा असावी. बाहेरून आणताना पाव, बिस्किटे, तयार सूपची पाकिटे यांवरील घटकांची यादी वाचावी, कारण दुधाची भुकटी नको तेथे असते. मध सोडला असेल तर या दिवसांत गुऱ्हाळे चालू असतात. ताजी काकवी आणावी, ती गरम बाजरीच्या भाकरीबरोबर फार छान लागते.

उरलेल्या भोगीच्या भाजीविषयीही आपण नक्की विचाराल. ती रात्रभरात घट्ट होते आणि दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेली लागते; गरम करताना थंड पाणी घालू नये, उकळते घालावे, नाहीतर कुटाची चव फिकी पडते. फारच थोडी उरली असेल तर उसाचे करवे आणि बोरांच्या बिया काढून टाकून ती कुस्करावी, तिच्यात मावेल तेवढी थालीपिठाची भाजणी आणि चिरलेला कांदा घालावा, पाणी न घालता मळावे आणि तव्यावर मधल्या छिद्रासह चार छिद्रांत तेल सोडून, झाकण ठेवून थालीपीठ लावावे. एका बाजूने झाकून आणि उलटल्यावर उघडे भाजावे, म्हणजे ते आत मऊ आणि कडेला कुरकुरीत होते.